बैठक आणि वही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं बाइंडिंगचं छोटं दुकान आहे. दर रविवारी सकाळी साडेसहाला दुकानाच्या माळ्यावर आम्ही सात-आठ जण वीस मिनिटं बसतो, चहा पितो आणि एक पान लिहितो. एवढ्याशा गोष्टीवर लोक इतकं विचारतात की शेवटी खळ वाळेपर्यंतच्या रिकाम्या वेळात उत्तरं लिहून काढली. मी गुरू नाही. मला कुणी दीक्षा दिलेली नाही, मीही कुणाला देत नाही. पुण्यात नोकरीला असताना जपानी भाषा शिकवणाऱ्या एका बाईंकडं बसायला शिकलो, त्याला एकोणीस वर्षं झाली. त्या हिशेबानं वाचा.

बैठक म्हणजे कोणती? जोर-बैठकांमधली का?

हसू नका, कोल्हापुरात हा प्रश्न पहिला येतो. तालमीत जाणाऱ्या एका पोराला मी विचारलं, "रोज बैठक होते का?" तो म्हणाला, "पाचशे." ही ती नव्हे. ही नुसती बसायची. जपानीत तिला झाझेन म्हणतात, 'झा' म्हणजे बसणं. झेन म्हणजे बौद्धांमधली ध्यानाची एक वाट, आणि हा शब्द तर आपल्याच घरातून गेलेला आहे: संस्कृतात ध्यान, पालीत झान, चीनमध्ये छान आणि जपानला पोचेपर्यंत झेन. बोधिधर्म नावाचा भिक्षू दक्षिण भारतातून चीनला गेला आणि भिंतीकडं तोंड करून नऊ वर्षं बसला, अशी परंपरेतली कथा आहे. आमची भिंत म्हणजे रजिस्टरांचे गठ्ठे.

बसायचं कसं? गुडघे साथ देत नाहीत.

वाकळेची घट्ट घडी करा, साधारण चार बोटं उंच, आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा. बुड उंच आणि गुडघे खाली आले की पाठ आपोआप सरळ होते. मांडी जमत नसेल तर वज्रासन, तेही नसेल तर खुर्ची. खुर्चीत मात्र मागं टेकायचं नाही. उजव्या पंजावर डावा पंजा, दोन्ही अंगठ्यांची टोकं हलकी टेकलेली. डोळे मिटायचे नाहीत. अर्धे उघडे ठेवून नजर समोर दीड-दोन हातांवर जमिनीकडं सोडायची. मिटले की झोप येते, नाहीतर सिनेमा सुरू होतो.

मग श्वास मोजायचा. सोडताना एक, पुढचा सोडताना दोन, असं दहापर्यंत, आणि परत एकवर. आकडा चुकला तर एकपासून. सतरावर पोचलात तरी एकपासून, कारण सतरा म्हणजे तुम्ही तिथं नव्हताच.

मठांमध्ये एक उदबत्ती जळेपर्यंत बसतात, साधारण चाळीस मिनिटं. घरी पहिला महिना दहा मिनिटं पुष्कळ झाली.

माझे विचार थांबतच नाहीत. माझं चुकतंय का?

जुलै महिना आठवा. चार दिवस पाऊस झाला की अख्खं कोल्हापूर एकच प्रश्न विचारतं: "पाणी किती फुटावर?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सकाळी मोबाइलवर येते, दुपारी येते, रात्री येते. एकोणचाळीस फूट इशारा पातळी, त्रेचाळीस फूट धोका पातळी, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण पातळी बघणारा माणूस नदीला "कमी हो" म्हणत बसत नाही, आणि "माझी नदी अशी का?" म्हणून रडतही नाही. पट्टी वाचतो आणि त्याप्रमाणं खालचं सामान वर चढवतो.

बसणं म्हणजे पट्टी वाचणं. आज मनाला छत्तीस फूट पाणी आहे. ठीक. एक, दोन, तीन. विचार थांबवायचे हे झेनचं काम आहे, असा समज कुठून पसरला कोण जाणे. आमच्यातल्या एका फौंड्रीवाल्यानं तिसऱ्या रविवारी तक्रार केली की घरी बसल्यापासून विचार वाढलेत. वाढले नव्हते. आधी मशिनच्या आवाजात ऐकू येत नव्हते.

झेन शब्दांच्या पलीकडचं म्हणतात. मग हे वहीचं लफडं कशाला?

हा प्रश्न मलाही पहिली तीन-चार वर्षं छळत होता, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

'शब्दांवर, अक्षरांवर विसंबायचं नाही' हे झेनचं जुनं सूत्र आहे, बोधिधर्माच्या नावावर सांगितलं जातं. खरं आहे. पण हेच लोक आठशे-हजार वर्षं लिहीत आलेत. झेनमधला सोतो पंथ जपानात आणणारा दोगेन (१२००–१२५३) एवढं लिहून गेला की वाचता वाचता आपली दमछाक होते. मठातल्या आचाऱ्यानं तांदूळ कसे धुवावेत यावरही तो लिहितो. म्हणजे भांडण अक्षरांशी नाही, विसंबण्याशी आहे. मेनू कार्ड वाचून पोट भरत नाही, म्हणून काय हॉटेलात मेनू कार्ड फाडून टाकतात होय?

माझा अनुभव वेगळ्या बाजूनं आला. मी पाच वर्षं नुसता बसत होतो आणि बसून उठल्यावर जैसे थे. सकाळी वीस मिनिटं शांत, साडेदहाला पहिल्या गिऱ्हाइकावर खेकसणार. दोन्ही माणसं माझ्यात राहत होती, पण त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. वहीनं ती ओळख करून दिली. रात्री कागदावर "साडेदहा वाजता त्या बाईंना 'दिसत नाही का' म्हणालो" असं लिहावं लागलं की सकाळच्या शांत माणसाला खाली मान घालावी लागते.

एक पथ्य मात्र आहे. बसताना वही जवळ नको. 'किती छान ओळ सुचली, लिहून ठेवू' हा त्या वीस मिनिटांतला सगळ्यात लबाड विचार. आम्ही म्हणूनच मधे चहा ठेवलाय. चहा पिऊन जी ओळ टिकली ती लिहायची, विसरली तर चहाबरोबर गेली.

विपश्यना केलेली आहे. त्यात आणि यात फरक काय?

आपल्याकडं आळत्याला विपश्यना केंद्र आहे, त्यामुळे माळ्यावर येणाऱ्यांत निम्मे तिकडून आलेले असतात. ती परंपरा ब्रह्मदेशातून सत्यनारायण गोएंकांनी परत आणलेली. तिथं आधी श्वास, मग अंगभर संवेदना क्रमानं बघतात, डोळे मिटून, आणि दहा दिवस वाचायला-लिहायला पूर्ण बंदी. झेनची वाट चीन-जपानची. डोळे उघडे, आणि बसण्याइतकाच मान झाडू मारण्याला, स्वयंपाकाला. दोन्हीकडं मूळ बुद्धाचं. ज्यांचं विपश्यनेत छान चाललंय त्यांनी तेच करावं, दोन दगडांवर पाय कशाला? फक्त वही उचलली तरी चालेल. शिबिरातली दहा दिवसांची बंदी घरी लागू नाही.

मी जैन आहे / लिंगायत आहे / माळकरी आहे. चालेल का?

आमच्यातल्या एक काकू सामायिक करतात, म्हणजे जैनांचं ध्यानाला बसणं, अठ्ठेचाळीस मिनिटं, चाळीस वर्षं. पहिल्या दिवशी त्या अशा बसल्या की बाकीचे आम्ही शिकाऊ वाटायला लागलो. एक जण इष्टलिंग पूजा करून येतो. इथं मूर्ती नाही, मंत्र नाही, काही सोडायला सांगत नाही. सावता माळ्यांनी कांद्या-मुळ्यात विठाई बघितली, त्या घरात झेनला पाहुण्यासारखं अवघडून बसावं लागत नाही.

दिवसभर दुकान, फॅक्टरी, ऑफिस. त्यात झेन कुठं बसवायचं?

दोगेन तेविसाव्या वर्षी, १२२३ साली चीनला गेला. तिथल्या मठात त्यानं भर दुपारी एक म्हातारा आचारी बघितला. डोक्यावर टोपी नाही, हातात काठी, पाठ वाकलेली, आणि तापलेल्या फरशीवर अळंबी वाळत घालतोय. वय अडुसष्ट. दोगेन म्हणाला, हे काम एखाद्या मदतनिसाला का सांगत नाही? म्हातारा म्हणाला, तो म्हणजे मी नव्हे. बरं, पण एवढ्या उन्हात कशाला? तर म्हणाला, मग कधी? दोगेनची बोलती बंद झाली. पुढं १२३७ साली त्यानं मठाच्या आचाऱ्यांसाठी सूचना लिहिल्या, त्यात हा प्रसंग आहे.

एप्रिलमध्ये गच्चीवर सांडगे घालणाऱ्या आजीला हाच प्रश्न विचारून बघा. उत्तर फार वेगळं येणार नाही, शब्द जरा तिखट येतील.

तर, दिवसातलं एक काम निवडा. एकच. माझं फर्म्याची, म्हणजे छापून आलेल्या मोठ्या कागदाची, घडी घालणं. सोळा पानांचा फर्मा, तीन घड्या, प्रत्येक वेळी पानांचे आकडे एकमेकांवर आलेत का हे उजेडाकडं धरून बघायचं. हात सरावल्यावर हे न बघता होतं, आणि तिथंच घात होतो. मी रोजचे पहिले पन्नास फर्मे रेडिओ बंद, मोबाइल गल्ल्यात ठेवून घालतो. पुढचे साडेचारशे कसेही. सगळा दिवस सावध राहीन असं ठरवलं की अकरा वाजेपर्यंत माणूस स्वतःवर चिडलेला असतो.

मला संसारातून वेळच मिळत नाही. पहाटे नळाला पाणी येतं, मग डबे.

हा प्रश्न बायकाच विचारतात. त्यावर "घरकाम हेच तुमचं ध्यान" असं उत्तर देणारे पुरुष मी पुष्कळ बघितलेत. ते स्वतः आसनावर बसलेले असतात आणि चहा आयता येतो. बायझांग नावाच्या चिनी आचार्यानं मठाला नियम घालून दिला होता: ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी जेवण नाही. म्हातारपणी शिष्यांनी दया येऊन त्याची अवजारं लपवली, तर तो जेवेना. या नियमाचा अर्थ ज्याला पाणी भरावं लागत नाही त्यानं आधी लावून घ्यावा. तुमच्यासाठी उत्तर एवढंच: दहा मिनिटं पाणी दुसरं कुणीतरी भरेल. भरलं नाही तर तेही वहीत लिहा, तारीख घालून.

वहीत लिहायचं काय?

आधी घडलं ते. किती वाजले होते, कुठं, कोण काय बोललं, हातात काय होतं. मग वाटलं ते. क्रम बदलू नका.

का, ते सांगतो. माझ्याकडं नऊ वर्षं काम करणारा एक माणूस होता. एका ऑर्डरीच्या दोनशे रजिस्टरांत त्यानं एक जुज, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा शिवायचा गठ्ठा, उलटं शिवलं. मी तोंडाला येईल ते बोललो, तो सकाळी आलाच नाही. त्या आठवड्यात मी रोज दोन-दोन पानं लिहिली. वाटायचं, किती प्रामाणिकपणे लिहितोय. सहा महिन्यांनी वाचलं. 'माझं काय चुकलं' हे सात ठिकाणी होतं. 'एवढं करून' पाच ठिकाणी. आणि एक गोष्ट कुठंच नव्हती: ते काम मी त्याला रात्री नऊ वाजता दिलं होतं, लाईट गेलेली, आणि तो बॅटरी तोंडात धरून शिवत होता. ती बॅटरी मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. वहीत आलीच नाही.

ती वही नव्हती, वकीलपत्र होतं. भावना खोट्या नव्हत्या, पण त्यांनी बॅटरीला आत येऊ दिलं नाही. म्हणून आधी बॅटरी.

मग भावना लिहायच्याच नाहीत?

लिहायच्या. जेम्स पेनबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी आयुष्यातल्या धक्क्याची फक्त हकिकत लिहायची, काहींनी फक्त भावना, काहींनी दोन्ही; आणि एका गटानं किरकोळ विषयांवर. दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच जास्त वाईट वाटलं. पण पुढच्या महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात त्यांच्या खेपा कमी झाल्या. म्हणजे वही मिटल्यावर बरं वाटलंच पाहिजे असं नाही. वाटलं नाही तर वही बिघडलेली नाही.

मला शुद्ध मराठी लिहिता येत नाही.

फारच छान. आमच्यातल्या त्या फौंड्रीवाल्यानं पहिल्या दिवशी लिहिलं: "आज मला कामावर असताना अत्यंत क्लेश झाले." मी विचारलं, क्लेश म्हणजे काय झालं रं? म्हणाला, "डोस्कं फिरलं हुतं." मग तेच लिही की! पुढच्या रविवारी त्याची ओळ होती: "साच्यात वाळू कमी भरली हुती, मला दिसली हुती, तरी गप बसलो." असली ओळ मला एकोणीस वर्षांत चारदा सुचली असेल. प्रमाण भाषेत माणूस पाहुण्यांसमोर बसल्यासारखा लिहितो. वहीला पाहुणे नसतात.

मोबाइलवर लिहिलं तर?

मी वह्या विकतो, त्यामुळे माझं मत धरू नका. तरी सांगतो: हातानं लिहिताना खोडलेलं दिसत राहतं. मी 'रागावलो' लिहून खोडलं आणि 'समजावलं' लिहिलं, हे पानावर राहिलं. मोबाइलमध्ये फक्त 'समजावलं' उरतं.

रोज लिहिलंच पाहिजे का?

'दिसामाजी काहीतरी ते लिहावे' हे रामदासांच्या नावानं शाळेच्या भिंतीवर वाचून आपण मोठे झालो. त्यातला 'काहीतरी' हा शब्द बघा. एक ओळ चालते. "आज काही नाही, पाऊस." तीही चालते. रामदास-तुकाराम म्हटलं की लोक लगेच अभंग पाडायला बसतात; ते मात्र नको.

हायकू लिहायचे असतात ना?

लिहावेसे वाटले तर लिहा. मराठीत हायकू शिरीष पैंनी रुजवला आणि त्यामागं किती बघणं असतं ते दाखवलं. तीन ओळी तोडून लिहिल्या की हायकू होतो असं समजणाऱ्यांनी आधी महिनाभर सरळ वाक्यं लिहावीत.

कोआन म्हणजे कोडं का?

उत्तर सापडलं की संपतं ते कोडं. कोआन म्हणजे झेन गुरू शिष्याला देतो तो प्रश्न किंवा प्रसंग. तो गुरूसमोर बसून करायचा असतो आणि आमच्याकडं गुरू नाही, म्हणून आम्ही त्या वाटेला जात नाही. एक मात्र मला आवडतो. नवा भिक्षू जाओझोऊ नावाच्या चिनी आचार्याला म्हणाला, मला शिकवा. त्यानं विचारलं, पेज पिऊन झाली? झाली. मग वाडगा धू. आमच्या माळ्यावर चहाचे कप विसळण्यावरून वाद झाला की कुणीतरी 'वाडगा' एवढंच म्हणतं.

घरात कुणी वही वाचली तर?

वाचतात. एकत्र कुटुंबात कपाटाची किल्ली सगळ्यांना माहीत असते. माझ्या बायकोनं वाचली होती. चार दिवस बोलली नाही, मग म्हणाली, "तारीख चुकलीय, ते मंगळवारी झालं." फारच आतलं असेल तर लिहा आणि सकाळी बंबात घाला. पाणी तापतं. लिहिण्याचं काम लिहितानाच झालेलं असतं.

जुन्या वह्या जपून ठेवायच्या का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा मी गिऱ्हाइकांचा माल माळ्यावर चढवला आणि माझ्या वह्या खालच्या फळीत राहिल्या. आठ दिवसांनी शटर उघडलं. वह्या फुगून एकमेकींत अडकल्या होत्या, खळ सुटलेली, निळी शाई सगळ्या पानांत सारखी पसरलेली. कित्येक वर्षांच्या होत्या. एखादी उन्हात ठेवून बघावी असं वाटलं आणि एक ठेवलीही. वाळल्यावर विटेसारखी झाली. उघडत नाही. ती दाराला टेकू म्हणून लावतो, वाऱ्यानं दार आपटत नाही.

तर ठेवा, पण वरच्या फळीत.

आवाजाचं काय करायचं? घंटागाडी, हॉर्न, डॉल्बी...

घंटागाडी आली तर ऐकायची, गेली तर गेली. हॉर्नही तसाच. डॉल्बीपुढं मात्र झेन चालत नाही, छातीची हाडं वाजतात. मिरवणुकीच्या दिवसांत आम्ही बसत नाही, रंकाळ्याला पहाटे चालतो. तेही चालतं, झेनमध्ये बसण्याच्या मधे सावकाश चालण्याची रीतच आहे. एकदा पोहाळ्याच्या लेण्यांत गेलो होतो. कातळातल्या त्या सावलीत बसल्यावर कुणाला वही काढावीशी वाटली नाही.

तांबडा-पांढरा सोडावा लागेल का?

मठांमधलं जेवण शाकाहारी असतं. आपण मठात नाही. फक्त जेवून लगेच बसू नका, डुलक्या येतात.

मला फार उदास वाटतं, झोप लागत नाही. बसल्यानं बरं वाटेल?

कदाचित आणखी वाईट वाटेल. एकट्यानं गप्प बसणं हे अशा वेळी औषध नाही. आधी डॉक्टरांकडं जा, किंवा १४४१६ ला फोन करा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. माळा कुठं जात नाही.

किती दिवसांत फरक पडतो?

मला बायको सांगते. मी विचारलेलं नाही.

रविवारी येताना काय आणायचं?

वाकळ आणा. वही मी देतो, कापताना उरलेल्या कागदाची, चाळीस पानी, फुकट. आणि चपला दाराबाहेर जोडीनं, ओळीत लावा. जपानातल्या झेन मठांच्या दारात 'पायाखाली बघा' अशी पाटी असते, तिचा एक अर्थ एवढाच आहे. आपल्याकडं सगळ्यांच्या कोल्हापुरी सारख्याच दिसतात, म्हणून जास्तच बघा. गेल्या महिन्यात वीस मिनिटं श्वास मोजून, एक पान लिहून दोघं जण एकमेकांच्या चपला घालून घरी गेले. एकाचा नंबर नऊ, दुसऱ्याचा सात. नऊवाला दसरा चौकापर्यंत पोचला होता.